दिवा, गटार आणि दवाखाना



दर वर्षी १२ मे आला की आपल्या आरोग्य केंद्रात परिचारिका दिन होतो. फोटोला हार घालतात, सिस्टरांना गुलाबाचं फूल देतात. तो वाढदिवस फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना हातात दिवा घेतलेल्याच पाहिलंय. आज दिव्याबद्दल थोडं आणि त्यांच्या पायाखालच्या गटाराबद्दल जास्त बोलू या.

१८५४ साल. क्रिमियात इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान मिळून रशियाशी लढत होते. जखमी, आजारी इंग्रज शिपाई बोटीने इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला आणायचे. तिथे तुर्की फौजेची भलीमोठी बराक होती, तिचंच इस्पितळ केलेलं. नोव्हेंबरात नाइटिंगेलबाई ३८ परिचारिका घेऊन तिथे पोचल्या. धुणं, स्वयंपाक, पट्ट्या, अंथरुणं, सगळं त्यांनी हाती घेतलं. रात्री दिवा घेऊन फिरायच्या, हेही खरंच. पण माणसं मरायची थांबेनात. त्या एका हिवाळ्यात तिथे चार हजारांवर शिपाई गेले. बहुतेक जण गोळी लागून नाही, तर हगवण, पटकी आणि तापाने गेले.

दोष इमारतीत होता. बराकीखालची गटारं तुंबलेली होती. संडासाची घाणेरडी हवा वर वॉर्डात शिरायची आणि तिथेच कोंडून राहायची. पाण्याच्या वाटेत मेलेलं घोडं कुजत पडलेलं सापडलं. म्हणजे वर सिस्टर रोग्याला पेज भरवतेय आणि खालून इमारत त्याला रोग पुरवतेय.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून एक आयोग आला. त्यात डॉक्टर सदरलंड होते, तसेच रॉलिन्सन नावाचे इंजिनिअरही होते. इस्पितळ बरं करायला इंजिनिअर पाठवला, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. त्यांनी गटारं धुऊन काढली, कचरा गाड्या भरभरून हलवला, भिंतींना चुना दिला, हवेला वाट केली. फेब्रुवारीत शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ दगावत होते, ते जूनमध्ये सुमारे २ वर आले. थंडी सरली, रसद नीट येऊ लागली, त्याचाही हातभार लागला असणार. पण लढाई संपल्यावर नाइटिंगेलबाईंनी विल्यम फार या आकडेतज्ज्ञासोबत मेलेल्यांचा हिशेब मांडला आणि त्यांची खात्री पटली की मोठा फरक पाडला तो गटारांच्या आणि हवेच्या कामाने. मग त्यांनी १८५९ मध्ये इस्पितळांवर पुस्तकच लिहिलं. खिडक्या कशा, खाटांमध्ये अंतर किती, संडास कुठे, असला बारीक विचार त्यात आहे. १२ मे च्या भाषणात या पुस्तकाचं नाव काही ऐकू येत नाही.

आता इमारतीच्या पोटात गटाराबरोबर विजेच्या तारा असतात. म्हणून आपल्या भंडाऱ्याची आठवण काढायलाच हवी. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. अशक्त, आजारी म्हणूनच ती तिथे ठेवली होती. बाळांना ऊब देणाऱ्या यंत्रातून ठिणगी पडल्याचं चौकशीत पुढे आलं. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांची आगीच्या दृष्टीने तपासणी करायचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण गेले.

असं काही घडलं की पहिलं बोट सिस्टरकडे जातं. रात्रपाळीला कोण होतं, हे विचारावंच. पण वायरिंग कधी तपासलं, धूर कळवणारी घंटा होती का, बाहेर पडायला दुसरं दार होतं का, हे आमच्या मते आधी विचारायला हवं.

आमच्या गटांच्या बायका बाळंतपणाला जातात त्या एका दवाखान्यात, नाव घेत नाही, पावसाळ्यात बाळंतपणाच्या खोलीचं छत गळतं. टेबल सरकवतात, खाली बादली लावतात. गेल्या श्रावणात ओलीमुळे ऑपरेशनची खोली बंद होती, म्हणून कळा देणाऱ्या एका पोरीला ४० किलोमीटरवर पाठवलं. ती वाटेत जीपमध्येच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तिची सासू बैठकीत म्हणाली, डॉक्टर होते, सिस्टर होती, औषध होतं, नुसती खोली नव्हती.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू आहे असं प्रमाणपत्र त्यात येणाऱ्या इमारतींना दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते, किरकोळ दुरुस्तीचा विषय तिच्यापुढे मांडता येतो. आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करून अर्ज दिला. त्यात दोनच गोष्टी विचारल्या आहेत, छताचं काम कधी होणार आणि जुलैचं प्रमाणपत्र कुठे आहे. खाली १४ सह्या आणि ३ अंगठे आहेत. अर्जाची पोच घेतली आहे, ती गटाच्या वहीत चिकटवली आहे.