मोजपट्टीसाठी उभा केलेला माणूस

ज्यांना ऐकायला वेळ नसतो, किंवा बसमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून टाकतोय. बोलण्यातलं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलंय, बाकी तसंच आहे.

मी मूळचा चामोर्शीचा. नागपूरला बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. गेल्या दिवाळीत गावी आलो तेव्हा नवीन फोन होता, म्हणून सकाळी सकाळी गाडी काढून मार्कंड्याला गेलो. देऊळ, नदी, धुकं, सगळं टिपलं. घरी येऊन आईला फोटो दाखवले. तिने सगळे बघितले आणि विचारलं, “छान आहेत. पण यात आपलं कोण आहे?”

साठेक फोटो होते. एकातही माणूस नव्हता. उलट माणसं फ्रेममधून बाजूला होईपर्यंत मी थांबलो होतो! ही सवय मला कुठून लागली, ते शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागे गेलो. आजचा एपिसोड त्यावरच.

आधी मार्कंडा, जे बाहेरचे आहेत त्यांच्यासाठी. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर हा देवळांचा समूह आहे. इथे नदी वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून तिला उत्तरवाहिनी म्हणतात आणि जागेला विदर्भाची काशी. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. शिल्पं अशी आहेत की लोक ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात. मुख्य देवळावर फार पूर्वी वीज पडली आणि शिखराचा भाग कोसळला, ही गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. नंतर गोंड राजवटीत डागडुजीचा प्रयत्न झाला, असंही सांगतात.

आता १८७० च्या दशकात या. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आपला भाग चांदा जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतात फिरला आणि त्याच्या अहवालात मार्कंड्याच्या देवळांचं सविस्तर वर्णन आलं. त्याचा सहायक होता जोसेफ बेग्लर. हा अर्मेनियन वंशाचा, आणि पेशाने इंजिनिअर. (हो, आपल्यातलाच!) तोही १८७३-७४ मध्ये मध्य प्रांतात फिरून जुन्या देवळांची नोंद करत होता, फोटो काढत होता. ते फोटो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

तेव्हा फोटो काढणं किती कटकटीचं होतं बघा. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत शोधली आणि पुढची जवळपास तीस वर्षं तीच चालली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच अंधारात चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं साधारण दहा-पंधरा मिनिटांत, कारण काच वाळली की खेळ खल्लास. म्हणजे सोबत काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी, आणि हे वाहून न्यायला बैलगाड्या आणि माणसं. इकडे रेल्वे नव्हती. आजही अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात चालू स्टेशन म्हणजे वडसाच. आपल्या उन्हात ती काच किती वेळ ओली राहत असेल, विचार करा.

फोटोला काही सेकंद लागायचे. तेवढ्यात माणूस हलला की नुसता धूर दिसायचा. देऊळ हलत नाही. म्हणून देवळाचा फोटो सोपा, बाजाराचा जवळजवळ अशक्य. इथपर्यंत कारण तांत्रिक आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला ते पटतं.

पण त्या काळच्या पाहणीतल्या फोटोंमध्ये अधूनमधून माणूसही दिसतो. खांबाला टेकून बसलेला, दारात उभा. तो तिथे का आहे? देऊळ किती उंच आहे ते कळावं म्हणून. मोजपट्टी! ‘इथे उभा राहा, हलू नको’ असं त्याला कोणीतरी सांगितलं असणार. फोटोखाली देवळाचं नाव असतं, गावाचं असतं. त्याचं नसतं.

पुढे कॅमेरा हलका झाला, काच कोरडी चालायला लागली, माणसांचे फोटो सोपे झाले. मग नावं आली का? १९१६ मध्ये आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ आला, चार खंडांचा. त्यात गोंड लोकांचे फोटो आहेत. एकात बाया जात्यावर दळताहेत. फोटोखाली एवढंच, की या गोंड स्त्रिया आहेत. कोणाच्या माय, कोणत्या गावच्या, काही नाही. आधी माणूस मोजपट्टी होता, आता नमुना झाला.

तुम्ही म्हणाल, दादा, हे इंग्रजांचं झालं, आपलं काय? आपलं सांगतो.

माझ्या आजीचा आमच्याकडे एकच फोटो आहे. मतदार कार्डावरचा. निवडणूक आयोगाने १९९३ मध्ये फोटोवाली ओळखपत्रं द्यायचं ठरवलं, नंतर कधीतरी आमच्या गावातही लोकांना ओळीत बसवून फोटो काढले गेले. आजी गेली तेव्हा तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. कार्डावरचा नखाएवढा चेहरा स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला. डोळे म्हणजे दोन काळे ठिपके. आजी आयुष्यभर रोवणीला गेली, पहाटे मोहफुलं वेचायला गेली, आणि त्यातल्या एकाही दिवसाचा फोटो नाही. आमच्या घरात २०१२ पासून कॅमेऱ्याचा फोन होता, हे सांगताना मला लाज वाटते. तेव्हा मी त्यावर माझ्या बाईकचे फोटो काढत होतो.

म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक सुट्टीत मी चामोर्शीच्या आसपास फिरून रोजचं टिपायला लागलो. मार्च-एप्रिलमध्ये मोह. झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन माणसं पोचतात. पावसाळ्यात रोवणी. बांधीत गुडघाभर चिखल, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या, आणि वाकलेल्या बायांची ओळ मागे मागे सरकत जाते. आठवडी बाजारात मासे विकणारी बंगाली कुटुंबं, ज्यांचे आजे-आज्या पूर्व पाकिस्तान सोडून आले आणि १९६० च्या दशकापासून आपल्या भागात वसवले गेले. ते गिऱ्हाइकाशी मराठीत आणि घरच्यांशी बंगालीत बोलतात, एकाच श्वासात.

बांधीतल्या एका म्हाताऱ्या मायला विचारलं, फोटो काढू का? ती म्हणाली, “काढ ना बाबू, पण मले दाखवजो.” दाखवला, तर आधी हसली, मग पदर सारखा करून म्हणाली, आता पुन्हा काढ.

सगळे असं म्हणत नाहीत. वैनगंगेच्या काठावर एक काकाजी जाळं वाळवत होते. मी फोन वर केला तर म्हणाले, “कायले काढतेस रे फोटो? मागं बी एक जण आला, काढून घेऊन गेला. आमाले काई दिसला नाही.”

मी फोन खिशात टाकला. कारण त्यांचं बरोबर होतं. काचेचा कॅमेरा असो की माझा फोन, फोटो इथून निघतो आणि लंडनला नाहीतर इन्स्टाग्रामला जातो. ज्याचा आहे त्याच्याकडे परत येत नाही.

आता मी तीन गोष्टी करतो. एक, आधी विचारतो, आणि नाही म्हणजे नाही. लहान मुलं असतील तर त्यांच्या आईबापाला विचारतो. दोन, फोनला तारीख आणि जागा आपोआप कळते, पण माणसाचं नाव आणि काम कळत नाही. ते मी त्याच दिवशी फोटोच्या माहितीत लिहून ठेवतो, त्यांच्याच शब्दात. ‘बाई शेतात’ असं नाही, तर कोण, कोणाच्या बांधीत, कोणत्या धानाचं रोवणं. हे घरच्या वहीसाठी, नेटवर टाकायला नाही. तीन, स्टुडिओतून कागदावर प्रिंट काढून पुढच्या फेरीत हातात देतो. पाचपंचवीस रुपयांचं काम आहे. मायला तिची प्रिंट दिली, तिने ती देवाच्या फोटोशेजारी लावली.

पुढच्या खेपेला काकाजींना त्या प्रिंट्स दाखवल्या. बघितल्या, एकेकाला ओळखलं, हा तर अमक्याचा जावई वगैरे. मग म्हणाले, “डोंग्याचा काढ. माझा नको.” तर माझ्याकडे त्यांच्या डोंग्याचा फोटो आहे. त्याची प्रिंट त्यांना दिली आहे.

मार्कंड्यालाही परत गेलो, यंदा आईला घेऊन. तिला मुख्य देवळासमोर उभं केलं आणि फोटो काढला. योगायोगाने देवळाची उंचीही त्यात नीट कळते. खाली आधी तिचं नाव लिहिलंय, मग देवळाचं.

तुमच्या घरात ज्यांचा फक्त आधार कार्डावरचा फोटो आहे, असं कोणी असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. ते रोज जे करतात ते करताना टिपा, नाव-तारीख लिहा, आणि प्रिंट काढाच.

पुढचा एपिसोड पंधरा दिवसांनी, झाडीपट्टीच्या नाटकांवर. भेटूया!