राजाश्रयाकडून स्वायत्ततेकडे : नागपूरचे ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि १९७० चे चर्च-ऐक्य

प्रस्तावना

राष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपचे आसन असलेल्या प्रमुख चर्चचे, स्थान म्हटले की लंडनचे सेंट पॉल्स कॅथेड्रल सहज आठवते. १९६५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांचा शासकीय अंत्यविधी तेथेच झाला. इंग्लंडमध्ये चर्च राज्यमान्य असल्याने हे नाते स्वाभाविक ठरते. परंतु ज्या भारतात राज्याचा कोणताही धर्म नाही, तेथे कॅथेड्रलला असे स्थान मिळू शकते काय? नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

राजाश्रयाचा काळ

१८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्यास बिशपचे पद निर्माण झाले आणि अँग्लिकन चर्चचा खर्च हिंदी महसुलावर पडू लागला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले यांचे निधन झाले. त्यानंतर लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली. १९०३ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला व आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप झाले. या काळात कॅथेड्रलची प्रतिष्ठा मुख्यतः राज्यसत्तेच्या सान्निध्यातून आलेली होती.

राज्यापासून फारकत

१९२७ च्या कायद्यानुसार १ मार्च १९३० रोजी भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीररीत्या वेगळे झाले. स्वातंत्र्यानंतर शासनाचे धर्मखातेही संपुष्टात आले. १९५० च्या संविधानातील २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धार्मिक संप्रदायास आपले धर्मविषयक व्यवहार सांभाळण्याचा हक्क दिला. राजाश्रय गेला, त्याच्या जागी नागरिकांचा हक्क आला.

तथापि, केवळ हक्काने विश्वास संपादन होत नाही. १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नागपूर ही तेव्हा त्या राज्याची राजधानी होती. १९५६ च्या अहवालात समितीने परकीय साहाय्यावर कठोर टीका केली आणि भारतीय ख्रिस्ती समाजाने परकीयांवर अवलंबून नसलेले एकसंध, स्वतंत्र चर्च उभारावे, असेही सुचविले.

१९७० चे ऐक्य

२९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा संप्रदाय एकत्र आले. नियोगी समितीच्या शिफारशीचा हा परिणाम होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो योग्य नाही. ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासूनच सुरू होत्या आणि दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये असे ऐक्य घडूनही आले होते. युरोप-अमेरिकेतील जुन्या मतभेदांवरून पडलेले पंथभेद भारतात का जोपासावेत, हा या प्रयत्नांमागील भारतीय ख्रिस्ती समाजाचा स्वतःचा प्रश्न होता.

हे ऐक्य परिपूर्ण नव्हते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर राहिले. मात्र कोणावरही सक्ती झाली नाही, यातच या ऐक्याचे लोकशाही स्वरूप दिसते.

निष्कर्ष

ज्या वास्तूत एकेकाळी राज्यकर्त्यांचे चर्च नांदत होते, त्याच वास्तूत भारतीय नागरिकांनी चर्चा व संमतीच्या मार्गाने आपली नवी संस्था घडविली. सेंट पॉल्सप्रमाणे राष्ट्राच्या वतीने सोहळे करण्याचा अधिकार या कॅथेड्रलला नाही आणि धर्मनिरपेक्ष राज्यात तो असूही नये. अल्पसंख्य समाजाला आपले भवितव्य स्वतः ठरविण्यासाठी हक्काची जागा असणे, हीदेखील राष्ट्रजीवनाची सेवाच होय. ऑल सेंट्स कॅथेड्रलचे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.