पुराणकथा, मुले आणि आपले अमळनेर

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शिक्षक. इतिहासावर लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा. तथापि ज्या गावी साने गुरुजींनी सहा वर्षे मुले घडविली, त्याच गावच्या परिसरात माझे सारे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तेव्हा एका प्रश्नाविषयी चार शब्द बोलण्यास ज्ञातिबांधवांची हरकत नसावी. पुराणातील कथा ऐकून मूल खरोखर सत्यनिष्ठ व धीराचे होते काय, हा तो प्रश्न होय.

आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न पडला नाही. श्रीधरस्वामींनी १७०२ साली ‘हरिविजय’, १७०३ साली ‘रामविजय’ आणि १७१२ साली ‘पांडवप्रताप’ सिद्ध केला, आणि पुढे दोन-अडीचशे वर्षे चातुर्मासात घरोघर या पोथ्या लागत राहिल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायाबापड्यांनाही त्यातील प्रसंग तोंडपाठ असत. सखाराम महाराजांच्या वाडीत, बोरीकाठच्या वैशाखातील यात्रेत, कीर्तनकाराच्या मुखातून तेच प्रसंग पुन्हा कानी पडत. मुले आईच्या मांडीवर अर्धी झोपेत, अर्धी जागी ऐकत असत. संस्कार संस्कार म्हणतात तो बहुधा असा, नकळत होत असावा.

किंबहुना कथेने धीर देण्याची ही रीत खुद्द महाभारतातच आहे. द्यूतात सर्वस्व गमावून धर्मराज वनात खिन्न बसला असता बृहदश्व ऋषी त्याला उपदेश करीत बसत नाहीत; ते नळाची कथा सांगतात. नळानेही राज्य फाशांवर घालविले. पुढे त्याने ऋतुपर्ण राजाच्या पदरी बाहुक नावाने सारथ्य पत्करले, तेथेच अक्षविद्या शिकला आणि गेलेले राज्य परत मिळविले. मात्र निजलेल्या दमयंतीला अरण्यात एकटी टाकून तो निघून गेला, ही गोष्ट ऋषी लपवीत नाहीत. ज्याला धीर द्यावयाचा त्याच्यापुढे त्यांनी निर्दोष पुरुष उभा केला नाही, चुकलेला आणि पुन्हा सावरलेला पुरुष उभा केला. मला हे फार मोलाचे वाटते.

आता आपल्या गावाकडे वळू. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांच्या खोल्या झाडण्यापासून आजारी मुलांच्या उशाशी बसण्यापर्यंत सारे त्यांनी केले. मुलांसाठी स्वहस्ताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढले. १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात गेले. पुढे १९३२ साली जवळच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी फेब्रुवारी ते जून दर रविवारी बंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने केली, ती उतरून घेणारे हात गुरुजींचेच होते. म्हणजे रणांगणावरील तो जुना संवाद आपल्या खानदेशात तुरुंगाच्या भिंतीआड पुन्हा सांगितला गेला, आणि ऐकणारे स्वतः शिक्षा भोगीत होते. तेथे धैर्य हा केवळ पोथीतील शब्द नव्हता.

त्यानंतर १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. रचना पुराण सांगण्याचीच. रोज रात्री एक प्रसंग आणि भोवती ऐकणारे. परंतु येथे राजे नाहीत, कोकणातील एक गरीब घर आहे. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई पोहावयास धाडतेच. आणि पुस्तकांसाठी श्यामने केलेली चोरीही त्यात आहे. सांगणारा स्वतःचा दोष झाकीत नाही. बृहदश्वांची परंपरा ती हीच, असे मी समजतो.

गांधीजींनी बालपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि ते मनातल्या मनात पुनःपुन्हा केले, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. दादासाहेब फाळक्यांनीही १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो याच राजाचा. मी वर्गात ही कथा सांगितली तेव्हा मात्र एका मुलीने विचारले, “शब्द राजाने दिला, मग राणीला का विकले?” मला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही. एकलव्याच्या अंगठ्याची कथा केवळ गुरुभक्ती म्हणून सांगणेही माझ्याने होत नाही. असे प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गप्प बसवू नये, एवढे मात्र मी शिकलो. असो.

आता माझीच एक गोष्ट, नाइलाजाने. १९८९ सालची. कापूस वेचणीचे दिवस, अर्धा वर्ग आईबापांबरोबर शेतात. तपासणी जवळ आलेली. पट भरलेला दिसावा, असा वरून शब्द आला. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण लेखणी माझ्याच हातात होती. गैरहजर मुलांपुढे मी हजेरी मांडली. त्याच आठवड्यात वर्गात द्रोणवधाचा प्रसंग सांगत होतो. अश्वत्थामा मारला गेला एवढे धर्मराज मोठ्याने बोलला, हत्तीचा उल्लेख हळूच केला. आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ धरणीला टेकला. वर्ग स्तब्ध होता. तास संपल्यावर हजेरीपट कचेरीत नेऊन ठेवणारा मुलगा मागे रेंगाळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “गुर्जी, सोमवारले मी तं वावरमा व्हतू.”

त्याने आणखी काही म्हटले नाही. मीही नाही. त्या रात्री झोप आली नाही, हे लिहिण्यास आता लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी लाल शाईने त्या सर्व खुणा खोडल्या, प्रत्येक खोडीखाली सही केली आणि मुख्याध्यापकांना जाऊन सांगितले. बोलणी बसली, एक वेतनवाढही काही महिने रखडली. घरी पत्नी म्हणाली, “कथा सांगत जाऊ नका, नाहीतर पुरी सांगत जा.”

पुरी म्हणजे स्वर्गारोहणापर्यंत. बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या धर्मराजालाही शेवटी थोडा वेळ नरक पाहावा लागला, तो द्रोणाशी केलेल्या त्या कपटामुळे. इंद्रच त्याला तसे सांगतो. हा भाग मी इतकी वर्षे गाळीत आलो होतो. पुढच्या तासाला तो सांगितला. तो मुलगा दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होता, आणि तास संपल्यावर रोजच्याप्रमाणे पट उचलून कचेरीकडे गेला.