फ्लायव्हीलमधून किती किलो काढायचे?

आखाजीला जळगावला घरी आलो होतो. सकाळी सकाळी धुळ्याहून मामेभावाने फोटो पाठवला. लेथच्या चकात पकडलेलं फ्लायव्हील, आणि खाली एकच ओळ: "दादा, ३ किलो काढतोय. बोल."

त्याने जुनी मारुती एस्टीम घेतली आहे. आठवडाभर ती पारोळा-एरंडोलकडे कामाला जाते आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात शंकू लावून टायर झिजवते. पुढे ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं त्याच्या डोक्यात आहे. नाशिकला राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, तेव्हा वेड लागायला फार लांब जावं लागत नाही. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत गेलेला माणूस (आमची निम्मी बॅच तशीच). त्याला "मी येईपर्यंत थांब" एवढं कळवलं आणि निघालो. ९० एक किलोमीटर अंतर आहे, विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

आपल्या खान्देशाला फ्लायव्हील काही नवीन नाही हो. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जळगाव-भुसावळला रेल्वे आली. मागोमाग वाफेवरचे जिन-प्रेस आले आणि १८७० च्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली. (अमळनेरचं तेल-वनस्पतीचं काम बरंच नंतरचं, १९४५ चं. त्यातूनच पुढे आमच्या आयटीवाल्यांची विप्रो झाली.) वाफेच्या इंजिनाला माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचं ओतीव लोखंडाचं चाक असायचं. पिस्टनचा धक्का तुटक तुटक येतो. मधला काळ ते चाक स्वतःच्या वजनावर ओढून नेतं. फ्लायव्हीलचं सगळं काम एवढंच.

पण ही चाकं फुटायची. गव्हर्नर बिघडला, पट्टा निसटला, की इंजिन सुसाट सुटायचं आणि चाकाचे तुकडे छप्पर फोडून बाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या प्राध्यापक चार्ल्स बेंजामिन यांनी छोटी ओतीव चाकं मुद्दाम फुटेपर्यंत फिरवून पाहिली. एकसंध ओतलेली बरीच टिकली, तुकडे जोडून केलेली त्याच्या खूप आधी गेली. मोठ्या ओतीव चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण ३० मीटरच्या वर नेऊ नये, असा त्या काळचा ढोबळ नियम होता.

आता एस्टीमचं बघू. चाक २६ सेंटिमीटरचं धरा, इंजिन ६५०० फेऱ्यांवर. कडेचा वेग येतो सेकंदाला ८८ मीटर, म्हणजे ताशी ३१८ किलोमीटर! कारखान्यातलं चाक एकसंध असतं, तपासून तोललेलं असतं, म्हणून ते हे सहन करतं. पण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५०० चे ७५०० केले की ताण तिसऱ्या हिश्श्याने वाढला. आणि हे चाक असतं कुठे? ड्रायव्हरच्या पायापुढे.

१९७० मध्ये अमेरिकेतला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स याच्या गाडीचा गिअरबॉक्स स्टार्टलाच फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. तो गिअरबॉक्स होता, फ्लायव्हील नव्हे, पण फिरतं लोखंड ते फिरतं लोखंड. पुढच्याच वर्षी त्याने इंजिन पाठीमागे असलेली गाडी आणली आणि हळूहळू सगळ्यांनी तेच केलं. तिकडे क्लचभोवती जाड पोलादी कवच लागतं. आपल्याकडे त्या जागी अॅल्युमिनियमची बेलहाऊसिंग आणि देवाची कृपा :-)

मग हलकं करायचंच कशाला? कारण फायदा खरा आहे. ८ किलोच्या चाकातून सगळीकडून सारखे ३ किलो काढले आणि पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १४ फेरे धरले, तर पिकअपला गाडीतून जवळजवळ ६८ किलोचा माणूस उतरल्यासारखं होतं. टॉप गिअरला तोच हिशोब ४ किलोच्याही आत येतो, म्हणजे नुसतं दप्तर उतरवलं. शंकूंमधून पहिल्या-दुसऱ्यात पळणाऱ्याला म्हणून ते हवंसं वाटतं. आणि म्हणूनच मुक्टीच्या स्पीडब्रेकरवर एसी लावून हाफ क्लचवर निघताना गाडी फटकन बंदही पडते.

क्लचची गोष्ट वेगळी. पहिल्या मोटारींना चामडं चढवलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. चामडं सुकलं की झटका, तेलकट झालं की घसरण. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने १८९७ पासून घर्षणाच्या अस्तराचा धंदा उभा केला (त्यातूनच फेरोडो), पुढे अॅस्बेस्टॉसची अस्तरं आली आणि १९२० च्या दशकात एका कोरड्या प्लेटचा क्लच सगळीकडे पसरला. दाबायला गोल रांगेत स्प्रिंगा. जास्त फेऱ्यांवर त्या बाहेर फुगायच्या आणि दाब कमी व्हायचा. म्हणून डायफ्रामची थाळी आली. जर्मनीत १९६५ मध्ये लूक कंपनी निघाली ती हाच क्लच घेऊन. आपण ज्याला 'फिंगर' म्हणतो ती याच थाळीची बोटं.

आता भावाला हवा होता सिरॅमिक तुकड्यांचा रेसिंग क्लच. क्लच किती टॉर्क ओढेल हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षण, दाब, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि दोन बाजू. त्याचं इंजिन जेमतेम ११० न्यूटन-मीटरचं. साध्या क्लचमध्ये त्याच्या वर पुरेशी शिल्लक ठेवलेली असते. सिरॅमिक म्हणजे एक तर पकडला नाही तर सुटला, मधलं काही नाही. आणि दाब वाढवला तर डावा पाय, केबल आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग तिघेही रडतात. धुळ्यातल्या आग्रा रोडवर संध्याकाळी ती गाडी चालवून दाखव म्हणावं!

पोचलो तेव्हा भाऊ तोंड फुगवून बसला होता. टर्नर वयस्कर. आयुष्यभर शेतातल्या इंजिनांची कामं केलेला, दोन्ही बाजूंना चाक असलेल्या, हँडल मारून चालू होणाऱ्या लिस्टर छापाच्या. एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकच ठोका, म्हणून तेवढी जड चाकं. माझं गणित त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हाई लोखंड शे भाऊ, लोणी नही." चाक रॉकेलने पुसलं, कोरडं केलं, वरून खडू घासला आणि चहा सांगितला.

चहा संपेपर्यंत पांढऱ्या खडूवर बोल्टच्या एका भोकापासून निघालेली केसाएवढी काळी रेघ उमटली होती. कुणीतरी पूर्वी क्लच जाळून चाक तापवलं असणार. त्यातून अजून ३ किलो काढायचे होते.

भाऊ बराच वेळ त्या रेघेवर नखाने खरवडत बसला. मग त्याने स्वतःच फोन काढून नव्या, साध्या फ्लायव्हीलचा भाव विचारला. सोबत कंपनीचीच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, पूर्ण सेट. हलकंच हवं असेल तर पुढे पोलादाच्या एका ठोकळ्यातून केलेलं घेऊ, असं ठरलंय, पैसे जमल्यावर. जुनं चाक मामींनी मागून घेतलं. आता ते अंगणात पापडाच्या पाटावर वजन म्हणून आहे.