लंडनची आग आणि वर्गातील नाटक



इंग्लंडमधील प्राथमिक शाळांत पाच ते सात वर्षांच्या मुलांना १६६६ सालची लंडनची आग शिकविली जाते, आणि पुष्कळदा ती नाटकातून शिकविली जाते. कोणी पुडिंग लेनमधील बेकरीवाला टॉमस फॅरिनर होतो, कोणी महापौर ब्लडवर्थ, तर कोणी रोजनिशी लिहिणारा सॅम्युएल पीप्स.

२ सप्टेंबरच्या पहाटे फॅरिनरच्या बेकरीत आग लागली. उन्हाळा कोरडा गेला होता, घरे लाकडी होती आणि वारा पूर्वेकडून वाहत होता. पुढची घरे पाडून आगीची वाट तोडणे हाच तेव्हाचा उपाय. परंतु मालकांच्या संमतीवाचून घरे पाडण्यास महापौर कचरला. पीप्सने राजा दुसरा चार्ल्स याच्या कानी वार्ता घातली आणि घरे पाडण्याचा हुकूम सुटला. तोवर आग फार पुढे गेली होती. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे, ८७ चर्चे आणि सेंट पॉलचे मंदिर जळून गेले.

महापौर झालेल्या मुलाला विचारावे, ‘बाळ, शेजाऱ्याचे घर तू पाडशील का?’ तो गोंधळतो. त्या गोंधळातच त्याला इतिहास भेटतो. मागच्या माणसांना पुढचे दिसत नव्हते, हे त्याला तेथे उमगते.

मात्र या नाटकात एक पात्र सहसा नसते. शहरात अफवा उठली की आग परकीयांनी लावली. रूआँचा फ्रेंच घड्याळजी रॉबर्ट ह्यूबर्ट याने आपणच ती लावल्याचे कबूल केले आणि ऑक्टोबरात त्याला फाशी झाली. वास्तविक आग लागल्यावर दोन दिवसांनी तो लंडनला पोहोचला होता, हे मागाहून उघड झाले. स्मारकस्तंभावर १६८१ साली कॅथलिकांना दोषी ठरविणारा मजकूर कोरला गेला. तो कायमचा काढला गेला १८३० साली.

एवढ्या लहान मुलांना फाशी दाखवू नये, हे खरेच. परंतु एका मुलाला परका पाहुणा करावे, आणि जो त्याच्याकडे बोट दाखवील त्याला शिक्षकांनी शांतपणे विचारावे, ‘तू स्वतः पाहिलेस, की कोणाकडून ऐकलेस?’ सनावळ्या मुले पुढे विसरतील. हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र त्यांना लागली, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला असे मी समजेन.