पाव, बाटणे आणि पिठाचे विरजण

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण गेली तीन वर्षे मी घरी पाव भाजते, आणि भाजता भाजता त्याच्या मागचेही थोडे वाचले, ते सांगते.

पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. त्यांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५३४ साली वसई. पीठ फुगवायला त्यांच्या देशातले खमीर इथे कुठले मिळायला! तेव्हा माडाची सुर पिठात घालू लागले. गोव्याच्या पोदेराच्या पावाला जुनी चव होती ती त्या सुरेची.

आपल्या लोकांनी मात्र पावाचा धसकाच घेतला. विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेला सगळा गाव बाटला, ही गोष्ट माझी आजी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, फिरंगी गेले, धसका राहिला. पुढे १८४९ साली दादोबा पांडुरंग वगैरे मंडळींनी जातिभेद मोडायला मुंबईत परमहंस सभा काढली. तिथे नव्या सभासदाची परीक्षा काय, तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा! तेही गुपचूप. १८६० साली सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने सभाच मोडली. एवढे शिकलेले पुरुष, आणि पावाच्या तुकड्यापायी तोंड लपवायची वेळ आली. मला हसू येते आणि कीवही येते. घरी आई-बायकोला काय सांगायचे, हा घोर त्यांनाही असणारच.

खरे म्हणजे भीती आंबण्याची नव्हती, हाताची होती. आंबोळी, जिलबी, अनारसे आपण आंबवूनच करतो. आपल्या पनवेलच्या बेने इस्राएल लोकांचेच पाहा. त्यांचे बेथ एल प्रार्थनामंदिरही १८४९ सालचेच. वल्हांडणाच्या आठ दिवसांत त्यांना आंबवलेले पीठ चालत नाही. जुन्या काळी कोकणात ते या सणाला अनशी ढाकण्याचा सण म्हणत. अनस म्हणजे आंबट कालवण. तेवढे दिवस त्याचे भांडे झाकून ठेवायचे. आंबट भांडे घरात बाराही महिने असल्याशिवाय का ते झाकण्याचा सण होतो?

माझे भांडे म्हणजे लोणच्याची रिकामी बरणी. कणीक आणि पाणी सारखे घेऊन कालवायचे. रोज निम्मे काढून तेवढेच ताजे घालायचे; काढलेल्याची धिरडी होतात. आपल्या उकाड्यात पाच-सहा दिवसांत बुडबुडे येतात. पिठातलेच सूक्ष्म जीव ते करतात. दूध आंबते ते अशाच जिवांमुळे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली दाखवले. आपण त्याआधीपासून विरजण लावत होतो. मीही याला विरजणच म्हणते. उन्हाळ्यात पीठ चार-पाच तासांत वर येते, थंडीत रात्रभर ठेवावे लागते. मग झाकणाच्या जाड भांड्यात घालून भट्टीत. बाहेर काढल्यावर पाव निवताना बारीक तडतडतो. तो आवाज ऐकायला मी हातातले काम टाकून उभी राहते.

आमच्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. पावात ताडी असते असे लहानपणी ऐकलेले, म्हणून जन्मात पाव तोंडात घातला नाही. दात गेल्यापासून भाकरीही कुस्करूनच लागते. मी बरणी त्यांच्या नाकाशी नेली. हुंगून म्हणाल्या, “अगो, हे तर आंबोळीचं पीठ!” तरी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी आतला मऊ भाग दुधात बुडवून मागितला, कडक पापुद्रा आम्हाला ठेवला. आता शनिवारी सकाळपासून विचारतात, भट्टी लावलीस का म्हणून.

ज्या भगिनींना विरजण हवे असेल त्यांनी वाटी घेऊन यावे. कणकेचे आहे, ताडीचे नाही.