जुन्नरचे कासाकार

धातूची जुनी वस्तू हाती आली की आपण ती उलटी करून तळाशी कारागिराचं नाव शोधतो. जपानच्या मेइजी काळातल्या ब्राँझच्या धूपदाण्यांवर ते पुष्कळदा सापडतं. १८७६ मध्ये तिथे सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी झाली. तलवारीचा साज घडवणाऱ्यांचं काम गेलं. मग त्यांतले कित्येक जण धूपदाण्या, फुलदाण्या, पशुपक्ष्यांच्या मूर्ती घडवू लागले. परदेशी गिऱ्हाइकांनी त्या घेतल्या, जपल्या.

आपल्या जुन्नरची गोष्ट उलटी आहे. इथे वस्तू हाती नाही, पण घडवणाऱ्यांचं नाव दगडावर आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात 'कासाकार' हा शब्द येतो. कासाकार म्हणजे काशाचं काम करणारे, संस्कृतातले कांस्यकार, आजचे कासार. आज कासार म्हटलं की आपल्याला आधी बांगड्याच आठवतात, ते सोडा.

लेख कलेबद्दल बोलत नाही, पैशाबद्दल बोलतो. दानाची रक्कम बांबूकाम करणाऱ्यांकडे आणि कासाकारांकडे ठेवली, त्यावर दरमहा इतकं यावं, असा तो व्यवहार. ही पद्धत नीट कळते ती नाशिकला. तिथे उषवदाताने ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. मुद्दल मोडायचं नाही, व्याज भिक्षूंसाठी. यालाच अक्षयनीवी म्हणत.

आता विचार करा, कायमची ठेव कोणाकडे ठेवावी? माणूस आज आहे, उद्या नाही. संघ मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शिवाय कासं म्हणजे तांबं आणि कथील. जुन्नरच्या काळ्या कातळात या दोहोंच्या खाणी नाहीत. माल लांबून आणायचा तर हाताशी भांडवल हवंच. म्हणजे ठेव दोघांच्याही उपयोगाची.

मग त्यांनी घडवलेलं गेलं कुठे? काशाचं फुटकं भांडं कोणी टाकत नाही. ते मोडीत जातं, वितळतं, नवं होतं. म्हणून कलेचा इतिहास केवळ उरलेल्या वस्तूंवरून लिहिला, तर हे लोक त्यातून गळतात. त्यांची पत किती होती, हे ती ओळच सांगते. लेणी पाहायला जाल तेव्हा शिल्पांइतकाच वेळ लेखांनाही द्या.